संध्याकाळी मिटणारी पापणी आणि दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज

सकाळी लेकरू अंगणात हुंदडतं. दिवेलागणीला त्याचीच पापणी खाली येते, भाकर चावता चावता जबडा थकतो, बोलणं नाकातून येतं. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार असाच. शरीराची प्रतिकारशक्ती नस आणि स्नायू जुळतात त्याच जागेवर उलटते, आणि वापरलेला स्नायू दमतो. प्रमाणपत्राची अडचणही इथेच आहे: तपासणी सकाळच्या ओपीडीत, आणि तेव्हा पोरगं धडधाकट दिसतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. या आजाराचं वेगळं नाव त्यात नाही, मात्र मेंदू-नसांच्या जुनाट आजारांमुळे येणारं दिव्यांगत्व हा प्रकार आहे. नुसत्या निदानावर प्रमाणपत्र मिळत नाही. लेकराला काय जमत नाही, ते मोजतात. 40 टक्के किंवा जास्त भरलं तर बहुतेक सवलती लागू होतात.

अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी. मूल अठराच्या आतलं असेल तर आई-वडील भरतात. आधार, रहिवासी पुरावा, फोटो, दवाखान्याचे कागद, एवढंच. रुग्णालय निवडताना घाई नको. राहत्या जिल्ह्यातलं चालतं, तसंच उपचार सुरू असलेलं सरकारी रुग्णालयही चालतं. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या लेकराचे उपचार नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, चालू असतील, तर फाईल ओळखणारे डॉक्टर तिथेच भेटतात.

खरी मेहनत कागदांची. अँटिबॉडीचा (प्रतिकारशक्तीने बनवलेले, इथे उलटणारे घटक) रक्त रिपोर्ट, नसेला विजेचे हलके झटके पुन्हा पुन्हा देऊन केलेली चाचणी, गोळ्यांची चिठ्ठी, सगळं तारखेनुसार लावा. काही मुलांत अँटिबॉडी सापडतच नाहीत, म्हणून नसेच्या चाचणीचा कागद गहाळ करू नका. आणि मोबाईलवर दोन व्हिडिओ काढा: एक सकाळी उठल्यावर, एक संध्याकाळी. यादीत हे कुठे लिहिलेलं नाही, पण डॉक्टरांसमोर पहिल्यांदा तेच दाखवा. तपासणीच्या दिवशी गोळी चुकवून नेऊ नका. लेकराला गिळायला, श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो.

आजार कमी-जास्त होणारा, म्हणून मुदतीचं प्रमाणपत्र मिळालं तर नाराज होऊ नका, संपायची तारीख तेवढी लिहून ठेवा. नाकारलं तर कारण लेखी मागा. ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं.

फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आजाराचं नाव लिहा. गावच्या दवाखान्यात तापावर दिलेलं जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक या लेकरांची ताकद आणखी घालवू शकतं.