दुखण्यावर हात, की रोजची निगा? कायरोप्रॅक्टिकची पार्श्वभूमी

कोल्हापुरात पाठीत चमक भरली की सल्ला मागावा लागत नाही. कुणी गरम विटेचा शेक सांगतं, कुणी पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायला सांगतं, कुणी हाडवैद्याचं गाव सांगतं. अलीकडे या सल्ल्यांत कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे मणके हाताने दाबून 'बसवण्याच्या' उपचाराची, भर पडली आहे. मान किंवा कंबर 'कट्' वाजवून मोकळी करण्याचे व्हिडिओ घरोघरी पाहिले जातात. त्यांच्याबरोबर एक दावाही येतो: काही दुखत नसलं तरी ठरावीक दिवसांनी मणके 'सेट' करून घ्या, म्हणजे आजार जवळ येणार नाहीत. कंबरदुखीवरचा उपचार हा एक विषय आणि आजार होऊच नये म्हणून घ्यायची काळजी हा दुसरा. कायरोप्रॅक्टिकमध्ये हे दोन्ही पहिल्या दिवसापासून एकत्र बांधलेले आहेत, आणि ती गाठ कशी पडली हे कळल्याशिवाय त्या दाव्याचं मोल करता येत नाही.

कायरोप्रॅक्टिक सुरू करणारा डॅनियल डेव्हिड पामर हा मूळचा कॅनडातला. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात तो चुंबकीय शक्तीने रोग बरे करण्याचा व्यवसाय करत असे. त्याच्या इमारतीत हार्वे लिलार्ड नावाचे सफाई कामगार होते. त्यांना वर्षानुवर्षं नीट ऐकू येत नव्हतं. पामरच्या सांगण्याप्रमाणे, वाकून काम करताना पाठीत काहीतरी सरकलं आणि तेव्हापासून त्यांचं ऐकणं गेलं. 18 सप्टेंबर 1895 रोजी पामरने त्यांच्या पाठीतला वर आलेला मणका हाताने दाबून बसवला आणि त्यांना ऐकू येऊ लागलं, असा त्याचा दावा होता. ऐकण्याचा मज्जातंतू मेंदूतून थेट कानात जातो, पाठीच्या कण्यातून नाही, हा डॉक्टरांचा आक्षेप आजही कायम आहे.

पामर एका रुग्णापाशी थांबला नाही. शंभरातले पंच्याण्णव रोग जागचे हललेल्या मणक्यांमुळे होतात आणि उरलेले इतर सांध्यांमुळे, असं त्याने 1910 साली लिहून ठेवलं. मणका हलला की शरीरातल्या जन्मजात चैतन्याचा प्रवाह अडतो, अशी त्यामागची कल्पना होती. प्रतिबंधाचा दावा इथून आला. सगळ्या रोगांचं मूळ मणक्यात असेल, तर धडधाकट माणसानेही मणके तपासून घेणं ओघानेच आलं. म्हणजे 'दुखत नसतानाही या' हा सल्ला निरीक्षणांतून पुढे आलेला नाही, तो मूळ सिद्धांतातच बसलेला होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

1897 साली पामरने शाळा काढून ही विद्या शिकवायला सुरुवात केली. परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून 1906 साली पामरला शिक्षा झाली, तेव्हा दंड भरण्याऐवजी तो तुरुंगात गेला. त्याचा मुलगा बी. जे. पामर याने शाळेचा मोठा पसारा केला. पुढे या विद्येत दोन फळ्या पडल्या. एक फळी मूळ सिद्धांताला चिकटून राहिली, दुसरीने व्यायाम, शेक, आहार असे इतर उपायही जोडले. 1913 साली कॅन्सस राज्याने परवान्याचा कायदा केला आणि 1974 साली लुइझियाना हे शेवटचं राज्य त्यात आलं. मधल्या काळात अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1963 साली भोंदूगिरीविरोधी समिती नेमून ही विद्या मोडून काढण्याचा प्रयत्न केला. चेस्टर विल्क आणि इतर कायरोप्रॅक्टरनी 1976 साली दावा लावला, आणि 1987 साली न्यायाधीश सुसान गेट्झेनडॅनर यांनी संघटनेचा बहिष्कार बेकायदा ठरवला. हा निकाल व्यवसायावरच्या बहिष्काराबद्दल होता. मणक्याच्या सिद्धांतावर न्यायालयाने पसंतीची मोहोर उमटवलेली नाही, तरी प्रचारात अनेकदा तसं भासवलं जातं.

अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेने, मेडिकेअरने, 1970 च्या दशकात कायरोप्रॅक्टिकला जागा दिली, पण एका अटीवर. दुखणं कमी होण्याची आशा असेल तोवर पैसे मिळतात. प्रकृती टिकवण्यासाठी चालू ठेवलेल्या फेऱ्यांचे मिळत नाहीत.

आपल्याकडे हे दोन विषय फार पूर्वीपासून वेगळे आहेत. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा प्रकार आहेत, आणि उपचारात ओढणं, दाबणं, जागेवर आणणं, बांधणं या क्रिया आहेत. हा सगळा भाग इजा झाल्यानंतरचा. अभ्यंग आणि व्यायाम येतात ते दिनचर्येत. कोल्हापूरच्या तालमींनी हीच वाटणी मातीत उतरवली. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागचं मैदान उभं राहिलं; गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत पिढ्या घडल्या. तिथे पहाटेचे जोर, बैठका, आखाड्यातला मातीचा हौद खणणं, मेहनतीनंतरची मालीश ही रोजची निगा, आणि ती पैलवानाने स्वतः करायची. खांदा निखळला किंवा पाय मुरगळला तरच वस्ताद किंवा हाडवैद्य हात लावणार. धडधाकट पोराची मान महिन्याच्या महिन्याला मोडून द्यायची, असा रिवाज तालमीत नाही.

हाडवैद्यांची विद्या फक्त आपलीच होती असंही नाही. इंग्लंडमध्ये 1867 साली शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी, हाडं बसवणारे कोणते रुग्ण बरे करतात यावर व्याख्यान देऊन, त्यांच्याकडून घेण्यासारखं घ्या, असं आपल्या सहकाऱ्यांना बजावलं होतं. हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो.

आजचे पुरावेही तसेच मोकळेपणाने पाहावेत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीवर औषधाआधी करून पाहण्याच्या उपायांत मणक्यांवरचे हस्तोपचार आहेत. फायदा मात्र माफक आहे. 'कट्' हा आवाज हाड जागेवर बसल्याचा नव्हे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली बोटांचे सांधे एमआरआयखाली वाजवून पाहिले, तेव्हा सांधा ताणला जाताच आतल्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. नियमित फेऱ्यांबद्दल स्वीडनमध्ये 2018 साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. कंबर वारंवार धरणाऱ्या आणि पहिल्या उपचाराने बरं वाटलेल्या रुग्णांना त्यांचा फायदा झाला. त्रासाचे दिवस वर्षाला सरासरी तेराच्या आसपास कमी झाले. हा लाभ आधीच कंबर दुखणाऱ्यांचा आहे. मधुमेह, दमा किंवा पोराची सर्दी टळते, असं त्यातून निघत नाही. आणि कंबरदुखी मुळात टाळायची, तर 2016 च्या एका मोठ्या आढाव्यात व्यायामच पुढे आला. कंबरपट्टे आणि बुटांतल्या गाद्या मागे पडल्या. हुपरीत दिवसभर मान खाली घालून चांदीचं काम करणाऱ्याला किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत वजन उचलणाऱ्याला ही माहिती उपयोगाची आहे.

भारतात कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या मार्गदर्शिकेत पूर्ण शिक्षणासाठी किमान 4,200 तास सांगितले आहेत. इथे बोर्ड लावायला त्यातला एक तासही कुणी विचारत नाही. त्यामुळे शिक्षण कुठे झालं, किती वर्षांचं, हे रुग्णानेच विचारायला हवं. मानेला जोराचा झटका दिल्यावर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना विरळ असल्या तरी नोंदलेल्या आहेत. पायात बधिरपणा किंवा ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, कर्करोगाचा पूर्वेतिहास, ठिसूळ हाडं किंवा नुकताच झालेला अपघात यांपैकी काहीही असेल, तर कुणाकडूनही पाठ मोडून घेण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं. लघवीचा ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी.