दुसऱ्याचा गैरसमज मोजणारा रणगाडा

सिम्युलेटर, म्हणजे सरावासाठी खऱ्या वाहनाची नक्कल करणारं यंत्र, हा शब्द उच्चारला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली, "म्हणजे व्हिडिओ गेमच ना?" दुसरी जरा जाणकारांची, "चित्र जितकं हुबेहूब, तितकं प्रशिक्षण उत्तम." डोक्याला चढवायचे व्हीआर, म्हणजे आभासी दृश्य दाखवणारे, चष्मे आल्यापासून ही दुसरी समजूत फारच घट्ट झाली आहे. माझ्या मते ती पहिलीपेक्षा जास्त घातक आहे, कारण तिच्यापायी पैसा चुकीच्या जागी जातो. अमेरिकी हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याने तिला चाळीसेक वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवलं आहे. त्या उत्तराच्या पोटात दडलेली गणिती युक्ती मला इतकी आवडते, की आजचा लेख मुख्यतः तिच्यासाठीच आहे.

अधिकाऱ्याचं नाव जॅक थॉर्प. पेशाने लष्करी अधिकारी, शिक्षणाने मानसशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकात ते वैमानिकांच्या प्रशिक्षणावर संशोधन करत होते. तेव्हाचे काही सिम्युलेटर खऱ्या विमानाहूनही महाग पडत, आणि तरी त्यांच्यावर गिरवलं जायचं काय? उड्डाण, उतरणं, इंजिन बंद पडल्यावर काय करायचं. या गोष्टी उपयोगी आहेतच. एडविन लिंक यांनी १९२९ साली वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातले भाते वापरून पहिला यशस्वी उड्डाण-सिम्युलेटर बनवला तोही याचसाठी.

पण थॉर्प यांचा प्रश्न निराळा होता. वैमानिकाला शांततेच्या काळात खऱ्या विमानात काय शिकता येत नाही? विमान उतरवायला तो रोजच शिकतो. मात्र पंचवीस-तीस विमानांची झटापट, कानात एकाच वेळी ओरडणारे चार आवाज, शेजारचा साथीदार अचानक नाहीसा होणं, हे सगळं त्याला पहिल्यांदा भेटतं ते थेट युद्धात. व्हिएतनाम युद्धाच्या अभ्यासातून अमेरिकी हवाई दलाच्या लक्षात आलं होतं, की पहिल्या दहा लढाऊ मोहिमा पार पाडलेल्या वैमानिकाची जगण्याची शक्यता चांगलीच वाढते. १९७५ साली सुरू झालेला रेड फ्लॅग हा सराव म्हणजे त्या पहिल्या दहा मोहिमा शत्रूच्या गोळ्यांशिवाय घडवण्याची खटपट. थॉर्प यांनी १९७८ साली लेखी मांडलेली कल्पना त्याच्याही पुढची होती. सिम्युलेटरने खऱ्या विमानाची स्वस्त नक्कल होऊ नये, खरं विमान शांततेत जे देऊच शकत नाही तेवढंच द्यावं. आणि ते द्यायचं तर एकटा सिम्युलेटर बिनकामाचा आहे. शेकडो सिम्युलेटर एकमेकांना जोडायला हवेत.

हे सांगायला सोपं होतं, पण त्या काळच्या संगणकांना झेपणारं नव्हतं. पुढे थॉर्प डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेत गेले आणि १९८३ साली तिथे सिमनेट हा सिम्युलेटर एकमेकांना जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. सुरुवात विमानांऐवजी रणगाड्यांनी झाली. का, ते गणित आल्यावर कळेलच.

सिमनेटचा रणगाडा बघून जुने रणगाडेवाले नक्कीच हिरमुसले असतील. कमांडर, तोफ डागणारा गनर, गोळे भरणारा लोडर आणि ड्रायव्हर अशा चौघांना बसण्यापुरती खोली. ज्या कळ-बटणांचा सांघिक लढाईशी संबंध नाही, ती नुसती छापील चित्रं. बाहेरचं दृश्य आजच्या कुठल्याही फोनवरच्या खेळापेक्षा ओबडधोबड, सेकंदाला पंधरा चित्रं एवढ्याच वेगाचं. पैसा खर्च झाला तो जिथे माणसाचा निर्णय बदलतो तिथे: रेडिओवर कोण काय बोलतंय, टेकडीआडून किती दिसतं, इंजिनाचा हादरा, गोळ्याचा आवाज. थोडक्यात, काय हुबेहूब असायला हवं ते प्रशिक्षणाच्या हेतूवरून ठरवायचं. मानसशास्त्रज्ञाच्या हाती प्रकल्प असल्याचा हा फायदा. नुसत्या तंत्रज्ञाने आधी चित्र सुधारायला घेतलं असतं.

आता ती युक्ती.

समजा मैदानात १००० वाहनं आहेत आणि प्रत्येकाचा सिम्युलेटर वेगळा आहे, कदाचित वेगळ्या शहरात. माझ्या पडद्यावर तुमचा रणगाडा दिसायचा तर तुमची जागा मला कळायला हवी. पडद्यावर सेकंदाला पंधरा चित्रं, म्हणजे प्रत्येक वाहनाने सेकंदाला पंधरा वेळा "मी इथे आहे" असा निरोप धाडायचा. एकूण निरोप झाले सेकंदाला १५,०००, आणि ते सगळे प्रत्येक संगणकाने वाचायचे. १९८० च्या दशकातली तार आणि संगणक, दोन्ही त्याखाली गुदमरले असते.

यावरचा उपाय जुन्या दर्यावर्दी लोकांकडून आला. भर समुद्रात किनारा दिसत नसताना कप्तान काय करतो? शेवटची ठाऊक असलेली जागा, वेग, दिशा आणि मध्ये गेलेला वेळ यांवरून आत्ताची जागा काढतो. याला डेड रेकनिंग म्हणतात. सिमनेटमध्ये तुमचा रणगाडा एकदाच सांगतो, "मी इथे आहे, ईशान्येकडे सेकंदाला १० मीटर वेगाने चाललोय." मग माझा संगणक तुमचं एक भूत तयार करतो आणि ते स्वतःच पुढे सरकवत राहतो. तुम्ही सरळ जात असाल तर नवा निरोप लागतच नाही.

पण तुम्ही वळलात की? मला कसं कळणार की भूत चुकतंय? मला कळूच शकत नाही, आणि खरी गंमत इथे आहे. ते कळतं तुम्हाला! माझा संगणक तुमचं भूत कोणत्या सूत्राने हलवतो ते तुमच्या संगणकाला ठाऊक आहे, कारण सूत्र सगळ्यांचं एकच. म्हणून तुमचा सिम्युलेटर स्वतःच्या दोन प्रती चालवतो. एक खरी, ड्रायव्हर चालवतोय ती. दुसरी, बाकीचे ९९९ जण तुम्हाला जिथे समजताहेत ती. दोघींमधलं अंतर तो सतत मोजतो. ते ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर गप्प बसतो, मर्यादा ओलांडली की लगेच नवा निरोप धाडतो. म्हणजे हा रणगाडा आपल्याविषयी इतरांचा किती गैरसमज झालाय हे मोजतो आणि तो फार वाढला तरच तोंड उघडतो. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ थक्क होऊन बसलो होतो.

आकडे घालून बघू. रणगाडा सेकंदाला १० मीटर वेगाने ५० मीटर त्रिज्येचं वळण घेतोय. शाळेत शिकलेलं अभिकेंद्री त्वरण आठवा, वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या: १०० भागिले ५०, म्हणजे २ मीटर प्रति सेकंद वर्ग. भूत सरळ जातंय, त्यामुळे चूक वाढते ती अर्धा गुणिले त्वरण गुणिले काळाचा वर्ग या हिशेबाने. मर्यादा १ मीटरची धरली तर ती बरोबर १ सेकंदाने ओलांडली जाते. म्हणजे ऐन वळणातही सेकंदाला पंधराऐवजी एकच निरोप पुरतो.

आता लढाऊ विमान घ्या. वेग सेकंदाला २०० मीटर, वळताना त्वरण ५० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाच्या सुमारे पाचपट. तीच १ मीटरची मर्यादा ०.२ सेकंदात ओलांडली जाते, म्हणजे सेकंदाला पाच निरोप. सुरुवात रणगाड्यांपासून का, हे त्यावरून दिसेल.

अजून एक पायरी चढायची तर निरोपात वेगासोबत त्वरणही पाठवायचं. मग भूत स्वतःही वळायला लागतं, आणि चूक काळाच्या वर्गाऐवजी घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे सुरुवातीला खूपच हळू. आपल्या वळणाऱ्या रणगाड्यासाठी वेगाचा घन भागिले त्रिज्येचा वर्ग, भागिले सहा, गुणिले काळाचा घन असं सूत्र येतं आणि मर्यादा गाठायला १ सेकंदाऐवजी साधारण २.५ सेकंद लागतात. मग त्वरणाच्याही बदलाचा दर का पाठवू नये? कारण माणूस सुकाणू झटक्याने फिरवतो. झटक्यांमध्ये वरच्या पातळीचा अंदाज उलट जास्त भरकटतो, शिवाय निरोप लांबतो. कुठे थांबायचं ते वाहनावर आणि चालकाच्या स्वभावावर ठरतं.

रणगाडा थांबलेला असला तरी दर ५ सेकंदांनी एक निरोप जातोच, म्हणजे उशिरा सामील झालेल्याला तो दिसतो आणि वाटेत हरवलेल्या निरोपाची भरपाई होते. मधोमध कुठलाही मुख्य संगणक नाही. एक बंद पडला तर बाकीचे लढत राहतात. १९९३ साली ही पद्धत आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या १२७८ क्रमांकाच्या मानकात आली. आज ऑनलाइन खेळात समोरचा भिडू मध्येच टुणकन दुसरीकडे उगवतो ना, ते याच भुताला उशिरा मिळालेलं दुरुस्तीचं पत्र असतं.

मग नेम लागला की नाही, हे कोण ठरवणार? माझ्या पडद्यावर तुम्ही जिथे आहात त्याहून खरे तुम्ही मीटरभर बाजूला असाल. सिमनेटचा नियम असा: गोळा लागला का, हे झाडणारा ठरवतो. लागल्याने काय मोडलं, हे ज्याला लागला तो ठरवतो. गनरने नेम धरून बरोबर मारलं आणि यंत्र "चुकला" म्हणालं, तर पुढच्या वेळी तो स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गमावेल. इथेही निकष प्रशिक्षणाचाच.

तारेवरून गेलेले सगळे निरोप साठवून ठेवता येत. सराव संपल्यावर तीच लढाई पुन्हा लावायची, आणि कुणालाही न दिसणाऱ्या वाहनात बसून तिच्यावरून हवं तिथे फिरायचं. आपली तुकडी टेकडीआड सुरक्षित आहे असं सांगणाऱ्या अधिकाऱ्याला शत्रूच्या जागेवर नेऊन उभं करायचं, म्हणजे टेकडीवर काय काय दिसतंय ते तोच बघेल. प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा वेळ हा असतो असं माझं ठाम मत आहे, आणि व्हीआर चष्म्यांच्या जाहिरातींत नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

संगणकावर युद्धाचा निकाल आधीच काढता येतो, असे दावे हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावावर होतात. ते कुंडली मांडण्याइतकेच पोकळ आहेत. सिम्युलेशन फक्त "अमुक गृहीत धरलं तर काय" एवढंच सांगतं. गृहीतकं न दाखवता आकडा सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

मात्र घडून गेलेल्या लढाईला प्रश्न विचारायला ते फार चांगलं आहे. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकच्या वाळवंटात, धुळीच्या वादळात, अमेरिकी सैन्याचे कॅप्टन एच. आर. मॅकमास्टर यांच्या नऊ रणगाड्यांच्या तुकडीने तेवीस मिनिटांत समोरची इराकी फळी मोडली. नकाशावरच्या एका उभ्या रेषेवरून या लढाईला ७३ ईस्टिंग म्हणतात. सैनिकांच्या मुलाखती आणि प्रत्यक्ष जागेची पाहणी यांच्या आधारे डार्पाच्या पुढाकाराने ती वाहनागणिक संगणकात पुन्हा उभी केली गेली. नंतर तीच माहिती वापरून इतर संशोधकांनी एकेक गोष्ट बदलून लढाई पुन्हा चालवली. अमेरिकी रणगाड्यांच्या उष्णतेवरून पाहणाऱ्या दुर्बिणी काढून घेतल्या तर? इराकींनी पुढे पहारे ठेवून वेळीच इशारा मिळवला असता तर? मोर्चे नीट खणले असते तर? उत्तर असं आलं, की इराकींच्या चुका दुरुस्त केल्या तर तेच रणगाडे आणि त्याच दुर्बिणी असूनही अमेरिकी नुकसान बरंच वाढतं. प्रत्यक्षात इराकींनी रणगाडे जमिनीत खोल उतरवण्याऐवजी त्यांच्यापुढे सुटी वाळू लोटून ढीग केले होते. असा ढीग लांबून दिसतो, आणि रणगाड्याचा गोळा त्यातून आरपार जातो.