घरकुल व निवारा निधी, कोकण किनारा

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या ग्रामपंचायती, पंचायत समित्या, जिल्हा परिषदा व नगरपरिषदा गरिबांच्या घरांसाठी आणि बेघरांच्या निवाऱ्यासाठी जो पैसा मिळवतात व खर्च करतात, त्याची व्यवस्था. यातला मोठा वाटा केंद्र आणि राज्याचा असतो. लाभार्थी ठरवणे, हप्ते मार्गी लावणे आणि जागेचा घोळ निस्तरणे ही कामे स्थानिक संस्थेकडे येतात.

ग्रामीण भागात मुख्य आधार 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेचा आहे. सपाट भागात घरामागे 1 लाख 20 हजार आणि डोंगरी-दुर्गम भागात 1 लाख 30 हजार रुपये हा तिचा मूळ दर असून केंद्र-राज्य वाटा 60:40 आहे. शिवाय रोजगार हमीतून 90 ते 95 दिवसांची मजुरी व शौचालयासाठी 12 हजार मिळतात. अनुसूचित जातींसाठी रमाई आणि आदिवासींसाठी शबरी या राज्याच्या योजना आहेत. कातकरी ही आदिम जमात असल्याने 2023 च्या पीएम-जनमन या आदिम जमातींसाठीच्या केंद्राच्या योजनेतून त्यांच्या घराला 2 लाखांपर्यंत मदत मिळते. गाडीरस्ता नसलेल्या वाडीवर चिरे, वाळू, सिमेंट माणसांनीच वाहून न्यायचे असते. तिथे हे पैसे छपरापर्यंत पुरतीलच असे नाही.

खरी अडचण मात्र जागेची. घरकुल मिळायला पायाखालची जमीन आपली असावी लागते. कोकणातला सातबारा बहुधा सामाईक. त्यावर आजोबा-पणजोबांपासूनची नावे, निम्मे हिस्सेदार मुंबईला, आणि संमतीपत्रावर एकाची सही राहिली की प्रकरण अडले. कातकरी वाड्या खासगी मालकाच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर, तर कोळीवाड्यांतली घरे पिढ्यान्‌पिढ्यांची असूनही अनेकांकडे कागद नाही. वर सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे, निर्बंध. भूमिहीनांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. तिची मदत आधी 50 हजार होती, नंतर 1 लाख झाली. अलिबाग-किहीमकडच्या भावात या रकमेत जागा मिळणे कठीणच. आतल्या गावांत थोडाफार उपयोग होतो. म्हणून गावठाणवाढ, म्हणजे गावाच्या राहत्या वस्तीची हद्द वाढवणे, आणि सरकारी जागेवरच्या राहत्या घरांचे नियमितीकरण हे मार्ग रोख अनुदानाहून मोलाचे ठरतात.

स्वतःचे उत्पन्न म्हणजे प्रामुख्याने घरपट्टी. चाकरमान्यांची वर्षभर कुलूपबंद घरेही ती भरतात. जमीन-खरेदीवरील मुद्रांक शुल्कात 1 टक्का अधिभार जिल्हा परिषद व ग्रामपंचायतींसाठी असतो. त्यामुळे फार्महाऊसवाल्यांचे व्यवहार वाढले की पंचायतीची तिजोरी भरते आणि त्याच गावातल्या भूमिहीनाला गुंठाभर जागाही परवडेनाशी होते. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातील, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातील, 20 टक्के मागासवर्गीयांसाठी व 5 टक्के दिव्यांगांसाठी राखीव असून त्यातून घरांच्या योजना घेता येतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021–26) निधीपैकी 60 टक्के पाणी व स्वच्छतेला बांधलेले होते. उरलेल्यातून वस्तीचे रस्ते, गटारे, दिवे होत.

शहरांत मोठ्या गृहप्रकल्पांनी 20 टक्के छोटी घरे राखावीत हा नियम मुळात 10 लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांसाठी आहे. ठाणे, नवी मुंबई त्यात येतात. रत्नागिरी, चिपळूण, मालवण, वेंगुर्ला येत नाहीत. रात्रनिवाऱ्यांचेही तसेच. 2013 पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात लाख लोकसंख्येमागे 50 जणांचा एक कायम निवारा असा हिशेब होता, आणि 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी व चिपळूण दोन्ही लाखाच्या आत. इथला बेघर माणूस फूटपाथवर कमी दिसतो. तो हंगामापुरता वीटभट्टीवर असतो, नाहीतर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या मासेमारी बंदरात नौकेवर झोपणारा परप्रांतीय किंवा नेपाळी खलाशी असतो. त्याच्यासाठी वेगळे लेखाशीर्ष कुठल्याच अंदाजपत्रकात सहसा दिसत नाही.

आपत्तीनंतर पैशाचा प्रवाहच बदलतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्र 75 व राज्य 25 टक्के घालते. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर राज्याने पूर्ण पडलेल्या घरांची मदत 1 लाख 50 हजारांवर नेली. जुलै 2021 मध्ये दरड कोसळून उद्ध्वस्त झालेल्या रायगडमधील तळियेत म्हाडाने घरे बांधायला घेतली. 2023 मध्ये रायगडमध्येच इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यावर तिथल्या लोकांची घरे बांधण्याचे काम सिडकोकडे गेले. घरे अशा मोठ्या संस्था उभारतात. नळपाणी, दिवाबत्ती, रस्त्याची डागडुजी आणि नमुना 8 वरील (ग्रामपंचायतीच्या घरांच्या आकारणी नोंदवहीतील) नोंद पुढे ग्रामपंचायतीच्याच अंगावर येते, आणि नव्या वसाहतीची घरपट्टी तो खर्च क्वचितच भागवते.