पाणी द्रव का राहतं? एका जुन्या कोड्याची पार्श्वभूमी

पाण्याचा रेणुभार अवघा 18. त्याच्याच कुळातल्या, पण ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा 34, म्हणजे जवळजवळ दुप्पट. रेणू जितका जड, तितका तो सहसा जास्त तापमानाला उकळतो; तरीही हायड्रोजन सल्फाइड उणे 60 अंश सेल्सिअसलाच उकळतो, आणि पाणी 100 अंशांना. या कुळाच्या चढत्या क्रमाने मागे मोजत आलं, तर पाण्याची वाफ उणे 80च्या आसपासच व्हायला हवी. मग नद्या नाहीत, समुद्र नाहीत, आपणही नाही.

रेणू एकमेकांना ओढतात, हे सिद्धांतात पक्कं बसवलं योहानेस व्हान डेर वाल्स यांनी, 1873 साली, लायडन विद्यापीठातल्या प्रबंधात. रेणूंची ओढ आणि उष्णतेने होणारी त्यांची धावपळ यांत कोण वरचढ, यावर द्रव की वायू हे ठरतं. 1910चं नोबेल त्यांना मिळालं. मात्र ही ओढ येते कुठून, हे त्यांचं समीकरण सांगत नव्हतं.

पाण्यापुरतं उत्तर 1920मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठातून आलं. वेंडेल लॅटिमर आणि वर्थ रोडबुश यांनी मांडलं की, एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनलाही धरून ठेवतो. हाच हायड्रोजन बंध. तिथलेच विद्यार्थी मॉरिस हगिन्स यांना ही कल्पना आधीच सुचली होती, पण ती तेव्हा प्रसिद्ध झाली नाही. त्यांच्या वाट्याला श्रेय फार कमी आलं, असं मला वाटतं.

हा बंध रेणूच्या आतल्या बंधाच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतका बळकट. बर्फात मात्र प्रत्येक रेणू असे चार बंध सांभाळतो. त्यामुळे रचना पोकळ होते आणि बर्फ पाण्यावर तरंगतो. एक ग्रॅम बर्फ वितळवायला 334 जूल पुरतात, तेवढ्याच पाण्याची 100 अंशांना वाफ करायला सुमारे 2257 लागतात. या आकड्यांतच सगळं आलं: वितळताना थोडेच बंध सुटतात, बाकीचे क्षणोक्षणी तुटत-जुळत राहतात; वाफ होताना मात्र जवळपास सगळेच तोडावे लागतात.

द्रव पाण्याचं पहिलं नेमकं चित्र धुक्यामुळे सुरू झालं. 1932मध्ये केंब्रिजचे शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल आणि राल्फ फाउलर मॉस्कोच्या विमानतळावर अडकले, धुक्यावरून बोलणं पाण्याच्या रचनेवर गेलं आणि पुढच्याच वर्षी त्यांचा शोधनिबंध आला. चार शेजाऱ्यांची मांडणी द्रवातही बरीचशी टिकते, असं त्यांनी दाखवलं.

हायड्रोजन बंधाची आजची अधिकृत व्याख्या 2011ची. ती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे अध्यक्ष होते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले ई. अरुणन. द्रव पाण्याच्या रचनेवरचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.