वाहनमुक्त सायकलमार्ग, इंग्लंडमधील

इंग्लंडच्या ग्रामीण भागातून जाणारे, मोटारगाड्यांना बंदी असलेले आणि सायकलने लांबचा प्रवास करण्याजोगे मार्ग. पादचारी, चाकाची खुर्ची वापरणारे आणि बऱ्याच ठिकाणी घोडेस्वारही याच मार्गांनी जातात. मुळात सायकलसाठी आखलेले मार्ग यांत फार थोडे. बंद पडलेल्या रेल्वेचे भराव, कालव्यांचे काठ, जुन्या घोडेवाटा, वनखात्याचे रस्ते अशा दुसऱ्याच कामासाठी तयार झालेल्या वाटा नंतर सायकलस्वारांच्या वाट्याला आल्या. या मार्गांचे गुण आणि त्यांच्या अडचणी, दोन्हींचे मूळ या वारशात आहे.

सायकलपर्यटनाची हौस इंग्लंडला मोटारीच्या आधीची. आज ‘सायकलिंग यूके’ या नावाने चालणारी संस्था १८७८ साली सायकलपर्यटकांचा क्लब म्हणून स्थापन झाली, तेव्हा मोटारच नव्हती. सारे रस्ते आपोआप मोटारमुक्त होते. विसाव्या शतकात मोटारी वाढत गेल्या आणि अरुंद, दुतर्फा उंच झुडपी कुंपणे असलेल्या गावरस्त्यांवरही सायकलस्वार अंग चोरून जाऊ लागला. पर्यायी वाट मिळाली ती रेल्वेच्या ऱ्हासातून.

ब्रिटिश रेल्वे मंडळाचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांच्या १९६३ मधील अहवालात २,३६३ स्थानके आणि सुमारे ८,००० किमी. लोहमार्ग बंद करण्याची शिफारस होती. काही शाखामार्ग त्याआधीच बंद झाले होते. पुढच्या काही वर्षांत आणखी पुष्कळ गेले. रूळ उचलून भंगारात काढले गेले, पण भराव, डोंगर फोडून केलेल्या खिंडी, बोगदे आणि कमानींचे पूल जागेवर राहिले. वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपत नसल्यामुळे डोंगराळ मुलुखातही मार्गाचा चढ शंभर मीटरला एक-दोन मीटरच्या आसपास राखलेला असे. तंबू-कपड्यांच्या पिशव्या लादलेल्या सायकलला हेच हवे असते. डर्बीशर किंवा डेव्हनमधल्या गावरस्त्यावर दम काढणारा डोंगर बाजूच्या रेल्वेपथावर जेमतेम जाणवतो.

या जागांचा जाणता उपयोग सुरुवातीलाच करणाऱ्यांत पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान होते. ॲशबोर्न ते ‘पार्स्ली हे’ हा २१ किमी.चा टिसिंग्टन ट्रेल १९७१ मध्ये खुला झाला. ‘पार्स्ली हे’ येथे त्याला हाय पीक ट्रेल मिळतो. या दुसऱ्या ट्रेलची घडण न्यारी आहे. क्रॉमफर्ड अँड हाय पीक ही १८३१ मध्ये पूर्ण झालेली रेल्वे जोसायस जेसप या अभियंत्याने कालव्याच्या धर्तीवर आखली: लांबलचक सपाट टप्पे आणि कालव्याला जिथे लॉक (बोटी वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद) लागले असते तिथे सरळ खडी उतरण. या उतरणींवर, म्हणजे ‘इन्क्लाइन’वर, डब्यांची वर-खाली ओढाताण एका जागी बसवलेली वाफेची इंजिने करत. मिडलटन टॉपचे इंजिनघर आजही उभे आहे. तिथला उतार साधारण आठास एक, म्हणजे आठ मीटरला एक मीटर आहे. रेल्वेपथ म्हणजे सपाटी या भरवशावर आलेल्याने इथे ब्रेक तपासून घ्यावेत, नाहीतर सरळ उतरून चालावे.

जवळच्या मॉन्सल ट्रेलवरचा हेडस्टोन पूल १८६३ मध्ये बांधला गेला. कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी पुढे या रेल्वेवर सडकून टीका केली. बक्स्टनच्या मूर्खाला अर्ध्या तासात बेकवेलला आणि बेकवेलच्या मूर्खाला बक्स्टनला जाता यावे म्हणून सुंदर दरी नासवली, असा त्यांच्या रागाचा रोख होता. रेल्वे १९६८ मध्ये बंद झाली, आणि तोच पूल आता या परिसरातले सर्वाधिक छायाचित्रे निघणारे ठिकाण झाला आहे. बोगदे बंद असल्यामुळे बरीच वर्षे हा मार्ग सलग नव्हता. मे २०११ मध्ये ते दिवे लावून खुले झाले आणि सुमारे १४ किमी.चा अखंड पट्टा तयार झाला. गंमत अशी की रस्किनना खटकलेला तो प्रवास सायकलने मात्र पुरा होत नाही. ट्रेल बक्स्टनच्या अलीकडेच संपतो आणि पुढे ए६ हा वर्दळीचा रस्ता आडवा येतो.

चळवळ म्हणून या कामाला आकार आला ब्रिस्टलमध्ये. १९७७ साली तिथे सायकलबॅग नावाचा गट स्थापन झाला. जॉन ग्रिमशॉ त्याचे प्रमुख संघटक. या गटाने आणि स्वयंसेवकांनी १९७९ ते १९८६ या काळात ब्रिस्टल ते बाथ हा २१ किमी.चा रेल्वेपथ टप्प्याटप्प्याने तयार केला. गटाचे पुढे ‘सस्ट्रान्स’ या धर्मादाय संस्थेत रूपांतर झाले. १९९५ मध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून तिला ४ कोटी पौंडांहून अधिक अनुदान मिळाले आणि २००० साली राष्ट्रीय सायकल जाळ्याचे पहिले ५,००० मैल खुले झाले. निळ्या पाटीवरचा तांबडा चौकोन आणि त्यातला मार्गक्रमांक ही त्याची खूण.

जाळे मोठे, पण त्याच्या नावावर जाऊ नये. २०१८ च्या आढाव्यात देशभरातल्या या जाळ्याचा सुमारे एक तृतीयांश भागच वाहनमुक्त निघाला. उरलेला साध्या रस्त्यांवरून जात होता, काही ठिकाणी चांगल्याच रहदारीच्या. २०२० मध्ये संस्थेने जवळपास पाव जाळे स्वतःहून वगळले किंवा त्याचा दर्जा बदलला. मैलांचा आकडा मिरवण्यापेक्षा हे प्रामाणिकपणाचे होते. तरी आजही नकाशावरची सलग रेघ पाहून लहान मुलांसह आठवड्याचा दौरा आखणाऱ्याने प्रत्येक टप्पा वेगळा तपासावा.

सलगपणा तुटण्याचे कारण साधे आहे. रेल्वे बंद झाल्यावर जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली: कुठे शेजारच्या शेतकऱ्याने भराव सपाट केला, कुठे स्थानकाच्या जागी घरे आली, कुठे लोखंडी पूल भंगारात गेला. कॉर्नवॉलमधला लोकप्रिय कॅमल ट्रेल पॅडस्टोपासून खाडीच्या काठाने येतो खरा, पण वेडब्रिजमध्ये त्याला गावातल्या रस्त्यांवर उतरावे लागते. हरवलेला पूल पुन्हा उभा राहिल्याचे उदाहरण डेव्हनमध्ये आहे. इल्फ्राकूम ते प्लिमथ या सुमारे १६० किमी. मार्गावर वॉल्कम नदीवरचा जुना रेल्वेपूल १९६५ मध्ये पाडला होता. त्या ठिकाणी २०१२ मध्ये जेम ब्रिज हा २०० मी. लांबीचा नवा पूल खास सायकलस्वार आणि पादचाऱ्यांसाठी बांधला गेला. बाथजवळचे डेव्हनशर आणि कूम डाउन हे दोन बोगदे २०१३ मध्ये खुले झाले. त्यांतला दुसरा १.६ किमी.हून लांब आहे. आत दिवे आहेत, संगीत वाजते, आणि उन्हाळ्यातही जॅकेट घालावेसे वाटेल इतका गारवा असतो.

या बोगद्यांतून गेलेल्या वाटेने पुढे केनेट अँड एव्हन कालव्याला लागून बाथला परतता येते. कालव्याचा काठ बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेला, म्हणून सपाट. चढ येतो तो लॉकपाशी. डिव्हायझेसजवळ केन हिल येथे २९ लॉक बोटींना सुमारे ७२ मी. वर चढवतात, आणि सायकलस्वारालाही तेवढेच चढावे लागते. काठ अरुंद, पुलाखाली डोके वाकवावे लागते, मासे पकडणाऱ्यांचे गळ वाटेवर आडवे असतात. अग्रक्रम पादचाऱ्याचा. घाई असलेल्याने इकडे फिरकू नये.

कायद्याची बाजू परदेशी पर्यटकाला हमखास चकवते. पिवळ्या बाणाची पायवाट सर्वांसाठी खुली असली तरी तिच्यावर सायकल चालवण्याचा हक्क नाही. निळ्या बाणाच्या घोडेवाटेवर तो आहे. हा हक्क १९६८ च्या ग्रामीण प्रदेश कायद्याने दिला, मात्र पादचारी आणि घोडेस्वारांना वाट देण्याच्या अटीवर. शिवाय घोडेवाट सायकलयोग्य ठेवण्याची जबाबदारी कोणावरही नाही, हेही त्याच कायद्याने सांगून टाकले. विंचेस्टर ते ईस्टबोर्न हा १६० किमी.चा साउथ डाउन्स वे कायद्याने सायकलसाठी खुला आहे, पण चुनखडीचा तो कणा पावसात साबणासारखा होतो. रेल्वेपथ पुष्कळदा स्थानिक परिषदेच्या मालकीचे किंवा जागामालकाच्या परवानगीने चालणारे असतात.

पृष्ठभागावरून वाद कायम असतात. रोज कामावर जाणाऱ्याला डांबर हवे, घोडेस्वाराला ते नको, आणि दाबलेल्या चुनखडीच्या भुकटीवर पावसात साखळी पांढरी होते. मोटारसायकली अडवण्यासाठी बसवलेल्या लोखंडी चौकटींत सामान लादलेली सायकल अडकते. तीनचाकी किंवा अपंगांची सायकल तर जातच नाही. अलीकडे अशा चौकटी काढण्याचे काम सुरू आहे.

वापरात नसलेल्या रेल्वेचे तीन हजारांवर पूल, बोगदे आणि तत्सम बांधकामे सरकारी महामार्ग संस्थेकडे आहेत. दुरुस्ती टाळण्यासाठी काही पूल बुजवले गेले. कम्ब्रियातल्या ग्रेट मस्ग्रेव्ह येथे २०२१ मध्ये पुलाखाली काँक्रीट भरल्यावर मोठा गदारोळ झाला, परवानगी नाकारली गेली आणि २०२३ मध्ये ते सारे काढावे लागले.

दुसरीकडे काही ठिकाणी रेल्वेच परत यावी अशी मागणी आहे. ओकहॅम्पटनला २०२१ मध्ये नियमित प्रवासी गाडी पुन्हा सुरू झाली. सायकलस्वारांना ती सोयीचीच ठरली, कारण मेल्डन पुलावरून जाणारा ग्रॅनाइट वे तिथूनच सुरू होतो. मॉन्सल ट्रेलवर मात्र पुन्हा रूळ टाकण्याच्या प्रस्तावाला सायकलस्वार आणि पादचाऱ्यांचा विरोध आहे. बोगदे रेल्वे आणि वाट दोन्हींना मिळून पुरणार नाहीत, आणि दरीत दुसरी सपाट वाट नाही.