अवकाशातला कचरा धरायचा कुठे?

सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावणारा अवकाश कचरा रोबो पकडणार कसा? हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, पण वेग ही यातली त्यामानाने सोपी गोष्ट. रोबोयान त्याच कक्षेत, त्याच वेगाने धावू लागलं की दोघं एकमेकांच्या दृष्टीने जवळजवळ स्थिर होतात. डोकेदुखी त्यानंतर सुरू होते.

बंद पडलेला उपग्रह अनेकदा कोलांट्या घेत असतो. तो संदेश देत नाही, आणि कधी कुणी आपल्याला धरायला येईल या हिशेबाने तो बनवलेलाही नसतो. त्यात पाय रोवायला जमीन नाही. रोबोने हात नुसता पुढे केला तरी त्याचं धड उलट बाजूला वळतं. पकडताना धक्का लागला तर वस्तू एकीकडे, रोबो दुसरीकडे! पकड बसलीच तर दोघांचं मिळून एक बेढब यान तयार होतं आणि त्याची गिरकी थांबवणं पुन्हा रोबोच्याच गळ्यात.

जाळं आणि भाला हे पर्यायही अवकाशात तपासून झालेत. ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील ‘रिमूव्हडेब्रिस’ या मोहिमेने २०१८ मध्ये जाळं आणि २०१९ मध्ये भाला वापरून पाहिला, अर्थात स्वतःच नेलेल्या लक्ष्यांवर. चित्रफिती झकास आहेत. तरी मला यांत्रिक हातच बरा वाटतो. पकड चुकली तर तो सोडून पुन्हा धरू शकतो.

२०२४ मध्ये अ‍ॅस्ट्रोस्केल या जपानी कंपनीच्या ‘अ‍ॅड्रास-जे’ने काहीच पकडलं नाही, तरीही ती मोहीम मोलाची. २००९ पासून कक्षेत पडून असलेला, सुमारे ११ मीटर लांब आणि ३ टनांचा रॉकेटचा टप्पा (रॉकेटचा वापरून झालेला भाग) तिने शोधला, त्याभोवती फिरून फोटो काढले आणि त्याच्यापासून १५ मीटरवर पोहोचली. तिथे नियंत्रणात काही बिनसल्याचं जाणवताच यान आपणहून मागे सरलं. त्या टप्प्यावर उपग्रह बसवण्यासाठी एक गोल कडं आहे; पुढची मोहीम हात घालणार तो तिथेच.

लहान तुकड्यांपुढे मात्र हे हात निरुपयोगी आहेत. एक सेंटीमीटरहून मोठे तुकडेच दहा लाखांच्या वर असावेत, असा अंदाज आहे. एकेकामागे यान कोण धाडणार? म्हणून मोठी धुडं फुटण्याआधीच उतरवायची. २००९ मध्ये इरिडियम ३३ आणि निकामी कॉसमॉस २२५१ आदळले, तेव्हा दोन उपग्रहांचे नोंद ठेवण्याजोगे दोन हजारांवर तुकडे झाले होते.

अशा धुडांत रशियाच्या नोंदीतले झेनिट रॉकेटचे टप्पे सर्वांत धोकादायक मानले जातात. प्रत्येकी सुमारे ९ टन, आणि साधारण ८५० किलोमीटर उंचीवर. पण १९६७ च्या अवकाश करारानुसार निकामी वस्तूवरही ती ज्या देशाच्या नोंदीत आहे त्याचाच अधिकार राहतो. समुद्रात बुडालेलं जहाज दुसऱ्या कुणी वर काढावं, तशी मुभा देणारे नियम इथे नाहीत. म्हणजे उद्या हात कितीही तरबेज झाला, तरी रशियाच्या परवानगीशिवाय या टप्प्यांना तो लावता येणार नाही. जपानी यानाने गाठलेला टप्पा जपानचाच होता, त्यामुळे तिथे हा प्रश्न आलाच नाही.