मूत्रवाहिनीतला फुगा नेमकं काय करतो?

फोंड्याला आमच्या शेजारच्या काकींची गर्भाशयाची पिशवी काढली. काही महिन्यांनी सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाला सूज निघाली आणि डॉक्टरांनी मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत, फुगा घालून वाट मोकळी करू, असं सांगितलं. काकींना काळजी एकच : "रबराचा फुगा तो, आत फुटला तर?" पण हा फुगा रबराचा नसतो, आणि तो तसा नसतो म्हणूनच उपचार शक्य होतो.

मूत्रवाहिनी जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद आणि 25 ते 30 सेंटीमीटर लांब. तिच्या भिंतीतले स्नायू दर मिनिटाला काही वेळा लाटेसारखे आकुंचन पावतात आणि लघवी मूत्राशयाकडे ढकलतात. ओटीपोटात गर्भाशयाची रोहिणी तिच्या अगदी अंगावरून जाते. तिथे टाका जवळ पडला किंवा रक्तस्राव थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणाची धग लागली, की मूत्रवाहिनीच्या बाहेरच्या आवरणातल्या बारीक रक्तवाहिन्या दुखावतात. रक्ताविना तेवढा भाग सुकतो आणि तिथे कोलॅजेन या चिवट तंतूंचा घट्ट व्रण तयार होऊन नळी आवळते. दुर्बिणीने खडा काढल्यावर किंवा मूत्रपिंड रोपणातल्या जोडावरही असं होतं. अडथळा हळूहळू वाढला तर बहुतेकदा दुखतही नाही. 'काही त्रास नाही' म्हणून सोनोग्राफी टाळणं म्हणूनच धोक्याचं.

आता फुगा. जत्रेतल्या फुग्याला मधोमध दोरा बांधून फुगवा. दोन्ही बाजू टम्म होतात, दोऱ्याची जागा तशीच राहते. रबराचा फुगा मूत्रवाहिनीत हेच करील : निरोगी भाग ताणेल आणि व्रणाला सोडून देईल. म्हणून तो न ताणणाऱ्या प्लॅस्टिकचा करतात. ठरलेल्या 5-6 मिलिमीटर व्यासापलीकडे तो फुगत नाही, मग वाढवलेला सगळा दाब व्रणावर पडतो. आत हवा नसते. ती दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून क्ष-किरणांत दिसणारं द्रावण भरतात. पडद्यावर फुग्याला व्रणाच्या जागी कंबर दिसते. दाब दहा वातावरणांच्या, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दहापटीच्या, पुढे नेला की एका क्षणी ती कंबर नाहीशी होते. हा क्षण पाहताना मला दरवेळी थक्क व्हायला होतं, कारण व्रण इथे नुसता ताणला जात नाही, तर फाटतो.

म्हणजे उपचार ही एक आखून केलेली जखम आहे. खरं काम पुढे आहे. आत सुमारे 2 मिलिमीटर जाडीची, दोन्ही टोकांना वळलेली 'डीजे स्टेंट' नावाची नळी ठेवतात, साधारण चार ते सहा आठवडे. 1943 साली डेव्हिड डेव्हिस या अमेरिकन शल्यचिकित्सकाने दाखवलं, की उभी चिरलेली मूत्रवाहिनी आतल्या नळीभोवती पुन्हा भरून येते. आधी अस्तराच्या पेशी उघडी जागा झाकतात, मागून स्नायू येतात. त्याच वेळी फायब्रोब्लास्ट पेशी नवं कोलॅजेन विणत असतात. दोघांत पुढे कोण जाणार, हे त्या जागेच्या रक्तपुरवठ्यावर ठरतं. दोन सेंटीमीटरपेक्षा आखूड, ताजा आणि रक्तपुरवठा चांगला असलेला व्रण फुग्याला दाद देतो. लांबलचक किंवा रेडिएशननंतरचा व्रण बहुधा पुन्हा आवळतो, मग शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून 'एका फुग्यात कायमचा इलाज' असा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नका.

कुळथाचं कढण पिऊन वाट मोकळी होईल, हे तर साफ चूक. प्यायलेल्या कशानेही हा व्रण विरघळत नाही. उलट अडलेल्या नळीवर लघवी वाढवणारे काढे मारले की मूत्रपिंडातला दाबच वाढतो.

स्टेंट काढल्यावर रेनोग्राम करतात. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात, सोबत लघवी वाढवणारं इंजेक्शन, आणि अर्धं औषध मूत्रपिंडातून बाहेर पडायला किती वेळ लागतो ते कॅमेऱ्याने मोजतात. ढोबळमानाने दहा मिनिटांच्या आत पडलं तर वाट मोकळी आहे, वीसच्या पुढे गेलं तर अडलेली. मधला आकडा आला तर काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची.